जांभळावरून पडलेला हात

जूनच्या सुरुवातीला आमच्या उपजिल्हा रुग्णालयात असा एक तरी हात येतोच. जांभळाची फांदी जाड दिसते, पण वाकत नाही, कडकन मोडते. सहा वर्षांचा मुलगा, उजव्या तळव्यावर पडलेला. आधी हाडवैद्याकडे नेलं होतं. त्याने लेप लावून बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या होत्या. आमच्याकडे पोचेपर्यंत साडेचार तास झाले होते.

रडत नव्हता. आईच्या मांडीवर गप्प, कपाळावर घाम. असं मूल बघून ‘हा थांबेल जरा’ असं वाटतं आणि ते मागे पडतं. खरं तर हललं की कळ येते हे कळल्यामुळेच ते दगडासारखं बसलेलं असतं. चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला. त्याने डाव्या हाताचं बोट शेवटच्या, रडणाऱ्या चेहऱ्यावर ठेवलं. दहापैकी दहा.

बोटं सुजून तकतकत होती, नखं निळसर. मधलं बोट जेमतेम सरळ करायला गेले तर किंचाळला. बोट ताणल्यावर अशी कळ आली की पट्टीखाली दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतोय असंच धरायचं. इथे नुसतं वेदनाशामक चढवत बसलं तर हात जातो. म्हणून कात्री आधी. फडकं, कामट्या, वाळलेला लेप, खालचा कापूस, सगळं कातडी दिसेपर्यंत उभं कापलं. पट्टी अर्धवट सैल करून भागत नाही. लेपाने वाळलेला कापूसही दोरीसारखा आवळतो. थोड्याच वेळात नख दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी होऊ लागलं, मनगटाची नाडीही लागली.

माझी कात्री चालू असताना सिस्टर फेंटानिल, म्हणजे नाकात फवारायचं तीव्र वेदनाशामक, भरत होत्या. वजन दारातच मोजलं होतं: आईला मुलासकट काट्यावर उभं केलं, मग एकटीला. फरक १८ किलो. किलोला दीड मायक्रोग्रॅम, म्हणजे २७. ॲम्प्यूलमध्ये मिलिलिटरला ५० असतं, म्हणून ०.५४ मिली, फवाऱ्याच्या टोकात अडकतं ते ०.१ मिली वर. निम्मं निम्मं दोन्ही नाकपुड्यांत. सगळं एकाच नाकपुडीत मारलं तर घशात उतरतं आणि वाया जातं. डाव्या बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावली आणि सिस्टर शेजारून हलल्या नाहीत. दहा मिनिटांनी पुन्हा तक्ता धरला: चार.

मग मागून प्लास्टरचा आधार, म्हणजे स्लॅब, कोपर साधारण ३० अंशांत वाकवून. सुजलेलं कोपर नव्वदच्या पुढे वाकवलं की धमनी दबते. हात हृदयाच्या पातळीत उशीवर. दाबाची शंका असताना उंच टांगायचा नाही. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायला सांगितलं. गोल जमेना, बोटांची टोकं चपटी टेकत होती. मज्जातंतूला मार लागलेला. तसं वेळेसह लिहिलं, कारण शस्त्रक्रियेनंतर दिसलं तर कधी झालं हे कुणालाच सांगता येत नाही. एक्स-रे त्यानंतर: कोपराच्या जरा वर मोडलेलं, सुप्राकॉन्डायलर.

आजी म्हणाली, “पडल्या पडल्या तापाचं औषध दिलं होतं हो, एक चमचा. काही फरक नाही.” बाटली मागवली. पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचं पॅरासिटामॉल, दिलेलं पाच मिली. १८ किलोला लागतं २७०. याच नावाचं पाच मिलीत २५० वालंही मिळतं, त्यातलं साडेपाच मिली पुरलं असतं. बाटलीवरचा हा आकडा न वाचल्याने मुलं निम्म्या डोसवर रात्र काढतात, आणि ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरतं. आता पुरा डोस दिला, सोबत आयबुप्रोफेन किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलीत १०० वाल्याचं नऊ मिली. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवायचं असलं तरी औषधाच्या दोन घोटांनी बिघडत नाही. सलाइनमधून पॅरासिटामॉलही देता येतं.

नव्या इंटर्नने ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक काढलं होतं, ते परत ठेवायला लावलं. काही मुलांचं यकृत त्याचं आणि तशाच कोडीनचंही झपाट्याने जास्त तीव्र औषधात रूपांतर करतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्यांना दोन्ही वर्ज्य केली.

शस्त्रक्रियेसाठी पुढे न्यायला १०८ आली तेव्हा तो झोपला होता. कागदावर डोस आणि वेळा लिहिल्या, आणि खाली ठळक: दर पंधरा मिनिटांनी उठवून बोटं हलवायला लावा, औषधाची वेळ होण्याआधी पुन्हा दुखतंय म्हणाला, तर औषध वाढवण्याआधी स्लॅबची पट्टी उघडा.