बिनतुपाचं वरण

आमच्याकडे तूप वाढण्याची एक रीत आहे. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, "बस, बस, नोको" म्हणतो. वाढणारी तो हात चुकवून धार सोडते. दोघांनाही हे आधीच ठाऊक असतं. पाहुण्याच्या पहिल्या "नोको"ला थांबली ती गृहिणी कंजूष, असा आमच्या सासूबाईंचा कायदा. गेल्या जानेवारीत तो कायदा आमच्याच अंगणात मोडला. त्या दिवसाची ही गोष्ट.

मोहर्ली गेटपासून जवळच आमचं गाव. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरामागे दोन खोल्या काढल्या आहेत, आणि जेवणाचं सगळं मी आणि सासूबाई पाहतो. पाहुणे पहाटे अंधारात सफारीला जातात आणि दहाच्या सुमारास धुळीनं माखून परत येतात. वाघ दिसला असेल तर पोहे थोडेच खाल्ले जातात, कारण बोलण्यातच वेळ जातो. नसेल दिसला तर पातेलं रिकामं होतं. पोहे किती टाकायचे ते मी जिप्सीतून उतरणाऱ्यांचे चेहरे पाहून ठरवते.

तर एका दादांचा फोन आला. मूळचे वरोऱ्याकडचे, पण पंचवीस-तीस वर्षं अमेरिकेत. "ताई, आमची मुलगी व्हीगन आहे." मी म्हटलं, काळजी नको, आमच्याकडे शाकाहारी स्वयंपाकाची भांडीसुद्धा वेगळी आहेत. "नाही ताई, तसं नाही," म्हणाले, आणि मग यादी सांगितली. दूध नाही. दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर नाही. मधही नाही. मी वहीत लिहून घेत होते आणि सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "दूध नाई, दही नाई, तूप नाई. मंग पोरगी जगते कायच्यावर?"

मलाही आधी तसंच वाटलं. पण वही घेऊन चुलीपाशी बसले आणि रोजच्या एकेका पदार्थावर खूण करत गेले, तेव्हा गंमतच झाली. चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, चालते. वांग्याचं भरीत चालतं, पाटोडीचा रस्सा चालतो, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, सांभारवडी सगळं चालतं. सांभारवडीतला सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. कारण एका पुणेकर बाईंनी वडी फोडून आत इडलीबरोबरचा सांबार शोधला होता. गोळाभातावर तर आम्ही तेलाचीच फोडणी ओततो. काट पडली ती कढीवर, खिरीवर आणि पुरणपोळीवरच्या तुपावर. म्हणजे सणाचं तेवढं गेलं, रोजचं सगळं शाबूत राहिलं.

खरी पंचाईत पाकिटांची. बिस्किटांत दुधाची पावडर असते, आणि आपला तो हिरवा ठिपका मांस-अंडं नाही एवढंच सांगतो, दुधाबद्दल काही सांगत नाही. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ साली नियम निघाले आणि हिरव्या इंग्रजी व्हीचं वेगळं चिन्ह ठरलं. पण आमच्या किराणा दुकानात तसलं एकही पाकीट मला सापडलं नाही. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हिरवा पायजेन तं हिरवाच हाय ना हा."

चहासाठी मी सोयाबीनचं दूध करायला घेतलं. विदर्भात सोयाबीनला काय तोटा! बाजार समितीत ढीग लागलेले असतात आणि भाव मिळत नाही म्हणून आम्हीच रडत असतो. रात्रभर भिजवलं, सालं काढली, मिक्सरमधून वाटून फडक्यानं गाळलं, उकळलं. रंग दुधाचा आला. सासूबाईंनी भांड्यात नाक घातलं आणि म्हणाल्या, "ढेपेचा वास येते." ढेप म्हणजे गुरांना घालतो ती पेंड. तो चहा शेवटी मीच प्यायले. पाहुणीसाठी गवती चहाचा कोरा चहा ठरला.

ते तिघं आले त्या संध्याकाळी रोडग्यांचा बेत होता. मुलगी विशीतली, उंच, केस बारीक कापलेले. मराठी समजायची सगळं, बोलायची अडखळत. आल्याआल्या सासूबाईंच्या पाया पडली, त्यामुळे अर्धं काम तिथंच झालं होतं. उरलेलं बिघडायला अजून दोन तास होते.

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. छोट्या पाऱ्या एकात एक घालून गोळा करायचा, म्हणजे भाजल्यावर आत पदर सुटतात. गोवऱ्या पेटवून त्यांचा धगधगता निखारा झाला की त्यात गोळे पुरायचे. अधूनमधून फिरवायचे. मग राख झटकून, फडक्यानं पुसून, मुठीनं फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. हे शेतावरचं जेवण. घाईच्या माणसाचं हे काम नाही. निखाऱ्याभोवती बसून राहावं लागतं, आणि बसलं की माणसं बोलतात.

मुलगी तिच्या गावाबद्दल बोलली. तूसॉन, अॅरिझोना. सोनोरन वाळवंटातलं शहर. मी म्हटलं, वाळवंटात खायला काय मिळत असणार! तर म्हणे २०१५ साली युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून अमेरिकेतलं पहिलं नाव तूसॉनचंच घेतलं. चार हजार वर्षांपासून तिथं शेती चालत आलेली आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. आमच्याकडे हजाराच्या वर पडूनही आम्ही आभाळाकडे पाहत असतो. जुलैत जो पाऊस येतो त्याला तिथले लोकही मॉन्सूनच म्हणतात. तिथले मूळचे आदिवासी तोहोनो ओ'ओधम. ते टेपरी नावाचं कडधान्य त्या थोड्याशा पाण्यावर पिकवतात. आणि निवडुंगाचे हात काटे काढून, चिरून भाजी करतात म्हटल्यावर सासूबाईंनी कुंपणाकडे पाहिलं.

सागुआरोचं ऐकताना मात्र त्या सरसावून बसल्या. सागुआरो म्हणजे खांबासारखा उंच निवडुंग. ऐन उन्हाळ्यात, जूनमध्ये, त्याच्या टोकाला फळं पिकतात. ती लांब काठीनं पाडायची, आणि काठीही वाळलेल्या सागुआरोच्याच फासळ्यांची. फळांचा पाक करतात, आणि तो आंबवून पावसाला बोलावण्यासाठी पितात. "मंग हे तं आपलं मोहच झालं," सासूबाई म्हणाल्या. चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला जाणाऱ्या बाईला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

हॉटेलात जेवायचं कसं जमतं, हा माझा धंद्याचा प्रश्न होता. ती म्हणाली, तिकडे सोपं आहे. शहरात व्हीगन जेवण देणारी हॉटेलं आहेत, तुमेरिको नावाच्या ठिकाणी फणसाचे टाको मिळतात. आमच्याकडे बायका हात चिकट होतात म्हणून जो फणस टाळतात, तो त्या वाळवंटात नेऊन मांसाच्या जागी घालतात! पण साध्या मेक्सिकन हॉटेलात गेलं की मात्र तिला विचारावंच लागतं. गव्हाच्या टॉर्टियात, म्हणजे तिकडच्या पोळीत, जुन्या पद्धतीनं डुकराची चरबी घालतात. घोटलेल्या बीन्समध्येही तीच. मक्याच्या टॉर्टियात नसते. "दिसत नाही, पण असते," ती म्हणाली. "म्हणून मी विचारते, आणि ते जे सांगतात त्यावर विश्वास ठेवते. दुसरं काय करणार?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढं लागणार होतं.

तेवढ्यात तिनं निखाऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाचं लाकूड आहे?"

तिचे वडील खोकले. आईनं मोबाइल काढला. मी म्हटलं, आता खोटं कशाला बोला. "लाकूड नाही ग, गोवऱ्या आहेत. गाईचं शेण वाळवलेलं." ती गप्प. मी तर मनातल्या मनात कुकर लावायला निघालेसुद्धा होते. दूध चालत नाही, मध चालत नाही, तर शेणावर भाजलेला रोडगा चालतो का? याचा नियम कुठं लिहून ठेवलेला असेल असं मला वाटत नाही. तिलाही नसावा ठाऊक. ती खरोखर विचार करत होती, कपाळाला आठ्या घालून, परीक्षेत बसल्यासारखी. मग विचारलं, "गाईला... त्रास होतो का?"

सासूबाई म्हणाल्या, "शेन तं गाय आपल्या मनानंच टाकते व. कोनी पिळून घेते का?"

पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. रोडगे मंजूर झाले. जवसाच्या तेलात बुडवून तिनं पहिला तुकडा खाल्ला आणि डोळे मिटले. मला वाटलं, जिंकलो.

पंगत बसली. मी वांग्याची भाजी वाढत होते, सासूबाई वरण. मुलीची वाटी मी आधीच वेगळ्या पातेल्यातून भरून चुलीजवळ ठेवली होती. ती त्यांनी उचलून तिच्यासमोर ठेवली. तिनं भातावर वरण ओतलं, एक घास घेतला, दुसरा कालवला. आणि माझ्या नाकाला वास आला. घरचं कढवलेलं तूप लपत नाही. दादांच्या पानातलं असेल असं वाटलं, पण दादांना अजून वाढलंच नव्हतं. सासूबाई पदरानं चमचा पुसत होत्या आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या.

दोन क्षण मी काहीच बोलले नाही, हे कबूल करते. तिला कळलं नसतं. भूक लागलेली, अंधार पडलेला, तिखटानं जीभ सुन्न. एक चमचा तूप. बोलले तर म्हातारीचा चारचौघांत अपमान, पाहुण्यांचा विरस, आणि वर नेटवर एक तारा कमी. या शेवटच्या गोष्टीचा विचार मनात आला याची मला नंतर लाज वाटली, पण आला होता.

"थांब बेटा," मी म्हटलं. "वरण खाऊ नको. त्यात तूप पडलं आहे."

तिचा हात पानातच थांबला. ती चिडली नाही. घास खाली ठेवला, पाणी प्यायली, पुन्हा प्यायली. चेहरा उतरला होता. सासूबाई उठून थेट घरात गेल्या. आतून आवाज आला, "मी का इख घातलं का तिच्या वाटीत?"

मी मागे गेले. त्या पिठाच्या डब्याला टेकून बसल्या होत्या. आधी मी चढ्या आवाजात बोलले, फोन तुमच्यासमोर झाला, यादी तुमच्यासमोर लिहिली, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला सांगितलं नव्हतं. माहेरी दोन म्हशी होत्या. आई रोज ताक घुसळायची, लोणी कढवायची, आणि तूप डबा भरून बाजारात जायचं. घरात राहायची ती बेरी. ती चाटायला चार भावंडांची भांडणं. वरणावर तूप त्यांनी पहिल्यांदा खाल्लं ते लग्नाच्या पंगतीत, स्वतःच्या. "बिनतुपाचं वरन म्या लय खाल्लं," म्हणाल्या. "पाव्हन्याले कसं देऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. मी नुसती त्यांच्याजवळ बसले.

दारात पोरगी उभी होती. किती ऐकलं, किती समजलं, ठाऊक नाही. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, मला भूक आहे. तुम्ही लहान असताना जे खात होता, ते द्या."

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठल्या. बेसनात तिखट, ओवा, हळद, मीठ, सांभार घालून गोळे वळले आणि पातेल्यातल्या भातावर वाफवायला ठेवले. गोळे शिजले तसे पळीत तेल कडकडीत तापवून मोहरी, लाल मिरच्या, लसूण तडतडवला. पोरीच्या ताटात भात, त्यावर गोळे कुस्करून, आणि वरून तेलाची फोडणी. ओतताना चर्र आवाज झाला. पोरीनं सवयीनं हात आडवा धरला, "बस, आजी, बस." सासूबाईंची पळी हवेत थांबली. त्यांनी तिला विचारलं, "खरंच बस?"

"नाही," ती म्हणाली. "अजून."

बाहेर दादांनी मुलीची तुपाची वाटी केव्हाच आपल्या पानात रिकामी केली होती. बायको कोलेस्टेरॉलबद्दल काहीतरी म्हणत होती, पण ते जानेवारीच्या थंडीत घाम पुसत जेवत राहिले. शेवटी मोहाचे लाडू आले. वाळलेला मोह भाजून, तीळ घालून कुटलेले. पोरीनं तीन खाल्ले आणि दोन कागदात बांधून घेतले.

पुढच्या आठवड्यात नागपूरहून एक कुटुंब आलं. मी पानं मांडत होते आणि सासूबाई तुपाची वाटी हातात घेऊन कर्त्या माणसासमोर उभ्या राहिल्या. "तुमच्यात तूप चालते ना?"

तो बिचारा गोरामोरा झाला. "तुमच्यात" म्हटल्यावर आपल्याकडे माणसाला जे वाटतं तेच त्याला वाटलं. बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चालते ना, मावशी. आमच्यात सगळंच चालते. असं काहून विचारता?"

"विचारून घेतलेलं बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याचा आडवा हात चुकवून धार सोडली.