किक शाफ्ट मिळाला

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आत्ताच पुण्याहून आले. एसटीत बसून पाय आखडलेत, हाताला ग्रीसचा वास येतोय तो दोनदा साबण लावूनसुद्धा जाईना, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. अण्णांच्या जुन्या जावा मोटारसायकलचा किकचा शाफ्ट मिळाला. सात महिने शोधत होते.

घरात कुणाला सांगितलं तर "अच्छा, तो दांडा होय" एवढंच म्हणतात, म्हणून नीट लिहून ठेवते. अण्णांची गाडी १९७१ ची जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावानं बनवलेली. टाकीवर जावाच लिहिलंय, येझदी नाव १९७३ पासून आलं. या गाडीला किक आणि गिअर मिळून एकच लिव्हर, डाव्या बाजूला. आत दाबून वर उभा केला की किक, गाडी चालू झाली की पुढं पाडायचा, मग तोच गिअरचा लिव्हर. आणि गिअर टाकताना हातानं क्लच दाबला नाही तरी चालतं, पाय पडला की आतल्या आत क्लच सुटतो. मूळ डिझाईन चेकमधलं, १९५४ चं, आणि तेव्हा कुणीतरी डोकं चालवून एवढं सगळं एका लिव्हरमध्ये बसवलं याचं मला अजून कौतुक वाटतं. पण त्यामुळं होतं काय की प्रत्येक किकचा आणि प्रत्येक गिअरचा जोर एकाच शाफ्टच्या टोकाला असलेल्या बारीक दात्यांवर येतो. लिव्हर आवळायचा बोल्ट जरासा ढिला राहिला तरी लिव्हर दात्यांवर हलायला लागतो आणि हळूहळू दाते खाऊन टाकतो.

अण्णांच्या गाडीचे दाते मात्र गेलेले नव्हते. हे आठवलं की अजून जीव जळतो. गोठ्यात एकोणीस वर्षं उभी होती तरी लिव्हर घट्ट होता, मी स्वतः हलवून बघितलेला. मग इंजिन जाम होतं म्हणून एका वर्कशॉपला दिलं, आणि दीड महिन्यानं परत आलं तेव्हा किकचा शाफ्ट नवीन, लिव्हर नवीन, दोन-चार बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) नवीन. जुने पार्ट कुठं आहेत विचारलं तर म्हणाले "ताई, भंगार होतं ते, टाकलं." टाकलं! मला एक फोनसुद्धा नाही. आणि त्यांनी घातलेला तो नवीन शाफ्ट तीन आठवड्यांत गेला. किक मारायला जावं तर लिव्हर नुसता फिरतोय, आतलं काही हलतच नाही. कव्हर खोलून बघितलं तर दाते दाबल्यासारखे चपटे, कारण त्याला हार्डनिंगच, म्हणजे तापवून कडक करणं, केलेलं नव्हतं. दिसायला अगदी चकचकीत, पण आतून मऊ लोखंड.

तेव्हापासून हे सुरू आहे. कारखाना १९९६ ला बंद पडला, म्हणजे कंपनीकडून काही मिळायचा प्रश्नच नाही. कोल्हापुरात दुकानात गेलं की पहिला प्रश्न "नवीन जावाचा का?" २०१८ ला जी परत आली ती फोर स्ट्रोक, २९३ सीसी, पाण्यानं थंड होणारी, तिचा एक पार्टसुद्धा या टू स्ट्रोकला लागत नाही, हे मी आतापर्यंत किती काउंटरवर सांगितलं असेल देव जाणे. इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, दोन ठिकाणी लेथवर बनवून द्यायला तयार होते आणि त्यांचं काम चांगलं असतं, मी बुश तिथूनच करून घेतलेत, पण त्यातल्या एका काकांनी स्पष्ट सांगितलं की दाते पाडून देईन, हार्डनिंग बाहेरून करावं लागेल, आणि नमुन्याला जुना पार्ट आण. नमुना! तोच तर टाकलेला.

दिल्लीला करोल बागेतल्या एका दुकानाशी फोनवर बोलले, फोटो पाठवले, पैसे पाठवले, आला तो वेगळ्याच मॉडेलचा, लांबीला कमी. त्यात त्यांची चूक नाही, मी माप न देता नुसता फोटो पाठवला होता. त्यानंतर व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेतला आणि प्रत्येक गोष्ट मोजून वहीत लिहायला लागले. लांबी, दोन्ही टोकांचा व्यास, दाते किती. शाफ्टचं माप त्या मऊ शाफ्टच्या न झिजलेल्या भागावरून घेतलं, तेवढा तरी त्याचा उपयोग झाला.

बाकी सामान खरं तर तेवढं अवघड गेलं नाही. बेअरिंगवर नंबर असतो, ६३०५ म्हटलं की आतून २५, बाहेरून ६२, रुंदी १७ मिलिमीटर, मग ते कुठल्याही देशातलं असो. ऑईल सीलचंही तसंच, मापावर मिळतं. (क्रँकचं सील वेळेत बदललं ते बरं झालं, नाहीतर गिअरचं ऑईल इंजिनात ओढलं जातं आणि गाडी एवढा पांढरा धूर सोडते की लोकांना वाटतं पिस्टन गेला, आणि मग उगाच सिलिंडर आतून घासून मोठा (बोअर) करून बसतात.) पिस्टनसुद्धा मिळाला, सिलिंडरचा आतला व्यास मुळात ६५ मिलिमीटरचा आणि ओव्हरसाईज (घासलेल्या सिलिंडरला लागणारे मोठे पिस्टन) पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातात, आपला दुसऱ्या ओव्हरसाईजवर आहे. सहा व्होल्टचे बल्ब मिळाले. सगळे म्हणतात बारा व्होल्ट करून टाक, कटकट जाईल, पण मी नाही करणार. अण्णा त्या पिवळ्या उजेडात गगनबावड्याचा घाट उतरलेत, तोच उजेड मला पाहिजे.

तर आज. पहाटेच्या गाडीनं निघाले, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. बुधवार आणि रविवार भरतो, रविवारी गर्दी जास्त. पितळी दिवे, जुने फोन, नळाच्या तोट्या, पाने, ड्रिलची मशीनं, सगळं रस्त्यावर पसरलेलं. दोन तास काही नाही. एका ठिकाणी जावाचं हेडलाईटचं केसिंग दिसलं पण पिचलेलं होतं. मग कडेला एकजण ताडपत्रीवर नुसता लोखंडाचा ढीग घालून बसलेला, स्प्रॉकेट, तुटके क्लच लिव्हर, सायकलचे पेडल, आणि त्यात ग्रीस वाळून काळं पडलेलं एक टोक वर आलेलं. उपसून काढलं. अंगठ्याच्या नखानं टोकाचं ग्रीस खरवडलं तर खालून दाते निघाले, एकेक सरळ, धारदार, नखाला टोचणारे. माझे हात थरथरायला लागले, खरंच. तिथंच उकिडवी बसून व्हर्नियर लावला, वही काढली, लांबी बरोबर, व्यास बरोबर, दाते दोनदा मोजले, बरोबर.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ स्पॅनर बघत होते, ते म्हणाले "कानस आहे का? फिरवून बघा." पर्समध्ये छोटी कानस होतीच. कडेला फिरवली तर कानस घसरली, काचेवरून घसरावी तशी, चरा नाही की काही नाही. हार्डनिंग पक्कं. घरचा तो चकचकीत शाफ्ट याच कानशीनं लोण्यासारखा कापला गेला होता. म्हाताऱ्यांनी नुसती मान हलवली आणि परत स्पॅनर बघायला लागले, त्यांचं नावसुद्धा विचारायचं राहिलं माझं.

विकणारा आठशे म्हणाला, मी सहाशे म्हटलं, साडेसहाशेला दिला. आठशे दिले असते तरी मला काही वाटलं नसतं.

घरी आले तर अण्णा जागेच. रुमालातून काढून हातात दिला. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसतं बोट फिरवलं टोकावरून, मग म्हणाले "रॉकेल कुठं ठेवलंय गं?" रात्री दहा वाजता बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात शाफ्ट बुडवून, जुन्या टूथब्रशनं एकेक दाता घासत बसले, हात आता कापतात त्यांचे, तरी मला करू देईनात. धुऊन झाल्यावर उजेडात धरला आणि एवढंच विचारलं, "आणि आपला कुठं गेला?" वर्कशॉपचं मी त्यांना आत्तापर्यंत सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठून त्यांनी तो मऊ, दाते गेलेला शाफ्ट पुसला, तारेनं चिठ्ठी बांधली, वर 'खराब, मापाला ठेवणे' असं लिहिलं आणि डब्यात टाकला.

उद्या दहाला उद्यमनगर. बुशमधून शाफ्ट हातानं फिरतो का ते तिथंच बघून घ्यायचं, कव्हरचं गॅस्केट येताना आणायचं. लिव्हरचा बोल्ट अण्णा आवळणार म्हणतायत.