मोकळी वारकरी

आळंदीपासून चालायला लागणारी रजा माझ्याकडे नव्हती, म्हणून मी लोणंदला माउलींच्या पालखीत शिरले. लोणंद पुणे-सातारा रेल्वेमार्गावर आहे, पॅसेंजरचं तिकीट चहा-वड्याच्या भावात पडतं. सॅकमध्ये दोन ड्रेस, एक पातळ चादर, ताट-पेला आणि पाऊस आला की डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा कागद. हा कागद दिवसा छत्री आणि रात्री सतरंजी. महागडा रेनकोट घालून आलेले लोक पहिल्याच सरीनंतर कागदवाल्याकडे रांग लावून उभे होते.

ज्यांची दिंडी ठरलेली असते त्यांचं सगळं बांधलेलं असतं. भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरायची, वळकटी ट्रकमध्ये टाकायची, दोन वेळा पंगतीत बसायचं, रात्री तंबूत पाठ टेकायची. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याच्या कितीतरी पट. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, चालण्याची जागा ठरलेली, विणेकरी ठरलेला. यात कुठेच नाव नसलेले ते मोकळे वारकरी. मी त्यातली.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या राहतात, मधल्या पट्टीतून आधी पताका घेतलेला स्वार, आणि मागून माउलींचा अश्व, पाठ रिकामी. तो गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात. मला घोडा जेमतेम एक क्षण दिसला, बाकी सगळ्या पाठी. पण नंतर ज्या फुगड्या रंगल्या त्यात एका आजीबाईंनी माझे हात धरून मला अशी गरगर फिरवली की चक्कर येऊन मी खालीच बसले. त्या मात्र पुढची फुगडी शोधत निघून गेल्या.

तरडगावला त्याच आजी पुन्हा दिसल्या. परभणीकडच्या सहा-सात बायकांचा घोळका होता.

"एकलीच आलीस का माय?"

"हो."

"घरी माहीत हाय ना?"

घरी माहीत आहे म्हटल्यावर चौकशी संपली. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी दोन वळकट्या सरकवल्या आणि मधे माझा कागद अंथरायला जागा झाली. एकट्या बाईला वारीत सुरक्षित वाटतं का, असं मला आता पुष्कळजणी विचारतात. वाटतं, पण ते अशा दोन वळकट्यांमुळे. गर्दीत पाकीटमार असतात, धक्के मारणारेही असतात. अंधार पडायच्या आत बायकांचा घोळका धरायचा, एवढं पथ्य पाळावं.

खरी अडचण पहाटेची. तीन वाजता टँकरपाशी उठायचं, उजाडायच्या आत अंघोळ आटपायची, ओलं लुगडं खांद्यावर वाळवत चालायला लागायचं. फिरती शौचालयं आता तळावर असतात आणि त्यानं बायकांचं फार सोपं झालंय. तरीही चार वाजल्यानंतर तिथली रांग पाहून माझं पाणी पिणंच कमी झालं. तसं करू नये, पाय वळतात.

खाण्यावर जवळपास काही खर्च होत नाही. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, जाल तिथे कुणीतरी पिठलं-भाकरी, केळी, चहा घेऊन हात जोडून उभं. फुकट वाटपाच्या मांडवांवर पुढाऱ्यांचे फोटो विठ्ठलापेक्षा मोठे असतात, पण त्याच रस्त्यावर एक बाई घरासमोर एकाच तांब्यातून ताक वाटत होती आणि संपलं की पळत आत जाऊन आणत होती. माझे पैसे गेले ते मोबाईल चार्ज करण्यावर, चपलेचा अंगठा शिवण्यावर आणि पायाला लावायच्या मलमावर.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम रोज पाहायला जायचे, तळावरची समाज आरती. हजारो टाळ चालू असतात, चोपदार दंड उंच करतो आणि क्षणात सगळं गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या आवाजाच्या रोखानं जातो, गाऱ्हाणं ऐकतो, तिथल्या तिथे निवाडा. एवढ्या माणसांचा कारभार असा चालताना पाहिल्यावर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवून मला हसू आलं.

वाखरीत सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि तिथून पुढे चालणं राहत नाही, गर्दीच माणसाला नेते. दशमीला पंढरपुरात पोचल्यावर लॉजचे भाव विचारायच्याही लायकीचे नव्हते. परभणीच्या बायका नदीपलीकडे ६५ एकराच्या तळावर एका ओळखीच्या दिंडीच्या तंबूत गेल्या, मीही गेले. मोबदल्यात एकादशीच्या पहाटे भगर निवडली, द्वादशीला बारस सोडायच्या पोळ्या लाटल्या.

पददर्शनाची रांग गोपाळपूरकडे गेलेली. त्यात उभं राहायचं तर दिवस-रात्र जाते. आमच्यातली एकही बाई रांगेत गेली नाही. चंद्रभागेत बुडी, पुंडलिकाला नमस्कार, नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी, वर मान करून कळसाचं दर्शन, आणि नगरप्रदक्षिणा. झाली वारी. रोज भरपूर चालून आलेल्या माणसाला मूर्ती न दिसल्याची खंत नसावी, हे मला आधी पटत नव्हतं. त्या गर्दीत महाद्वारात उभी राहिल्यावर पटलं.

द्वादशीनंतर शहर भराभर रिकामं होतं. स्वस्तात पंढरपूर बघायचं असेल तर हेच दिवस. मठांत, धर्मशाळांत जागा मिळते, मुखदर्शन कमी वेळात होतं. मी तनपुरे महाराजांचा मठ पाहून आले. मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं ते इथे. गाडगेबाबांची चोखामेळा धर्मशाळाही याच गावातली, त्यांनी ती १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्याला देवळात जागा नव्हती त्याच्या नावानं निवारा बांधणं हे गाडगेबाबांनाच सुचावं. मार्गदर्शकांच्या ठरलेल्या फेरीत यातलं काही नव्हतं. होडीवाला नदीतल्या विष्णुपदाच्या देवळाला नेतो म्हणाला, त्याच्याशी घासाघीस करून बायकांसोबत जागा वाटून घेतली.

पौर्णिमेला गोपाळपूरच्या टेकडीवर काला झाला. वर जनाबाईंचं जातं आहे, बायकांनी ते आळीपाळीनं ओढून पाहिलं. लाह्या-दही केसांत घेऊन खाली उतरलो. पालख्या त्याच दिवशी परतीला निघतात, त्यांच्याबरोबर पायी जाणारे थोडेच. परभणीच्या बायका एसटीनं निघाल्या. स्टँडवर आजींनी माझा नंबर नातवाच्या फोनमध्ये घालायला सांगितला आणि खिडकीतून म्हणाल्या, "पुढल्या साली ये, पन भिशी भरून ये. पोळ्या जाडच लाटतीस तू."