रेडफिल्डच्या गवतात: साउथ डकोटातली फेझंटची शिकार आणि तिचे नियम

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात फेझंटवर, म्हणजे कोंबडीएवढ्या, लांब शेपटीच्या रानपक्ष्यावर, बंदूक चालवायची ती सकाळी १० नंतर आणि सूर्यास्ताच्या आत. हे १० सेंट्रल टाइमचे. राज्याचा पश्चिम भाग माउंटन टाइमवर चालतो, तिथल्या घड्याळात तेव्हा ९ वाजलेले असतात, पण नियम राज्यभर एकच. आम्ही पावणेदहाला रेडफिल्ड गावाच्या पूर्वेला एका कुरणाच्या कडेला गाड्या लावल्या, तेव्हा समोरच्या गवताच्या पट्ट्याच्या कडेला दोन नर उघड्यावर दाणे टिपत होते. तांबूस सोनेरी अंग, हिरवं डोकं, गळ्यात पांढरी कडी. आमच्यात चाळीस वर्षं शिकार केलेले लोक होते, पण कुणीही बंदुकीची पिशवी उघडली नाही. कुत्र्यांना पाणी पाजलं, बूट आवळले, १० वाजायची वाट पाहिली. तोवर ते दोघे आत निघून गेले.

मिनियापोलिसहून आम्ही हायवे २१२ ने आलो. हा रस्ता मिनेसोटातून सरळ पश्चिमेला जातो आणि वॉटरटाउन, क्लार्क, डोलंड करत रेडफिल्डला पोचतो. साडेचार ते पाच तास धरा. सुट्टीवर आलेला माझा मेहुणा बरोबर होता. त्याचं गाव जतजवळ. क्लार्क ओलांडल्यावर तो खिडकीला नाक लावून बसला आणि म्हणाला, "दाजी, ही ज्वारी आहे. आपलीच ज्वारी!" खरंच ज्वारी होती, बुटक्या ताटांची, लालसर कणसांची. इथे तिला माइलो म्हणतात. बरेच शेतकरी तिचे काही पट्टे मुद्दाम पक्ष्यांसाठी उभे ठेवतात, कारण बर्फ पडल्यावरही कणीस वर राहतं आणि दाणा मिळतो. बाकी सगळीकडे काढलेल्या मक्याची धसकटं, सूर्यफुलं, आणि मधेमधे कमरेएवढं गवत.

हा पक्षी मूळचा इथला नाही. शांघायमध्ये अमेरिकेचे कॉन्सल असलेल्या ओवेन डेनी यांनी १८८१-८२ च्या सुमारास चीनमधून ओरेगनला फेझंट पाठवले. १९०८-०९ च्या सुमारास रेडफिल्डच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी बाहेरून आणलेल्या जोड्या इथे सोडल्या आणि त्या टिकल्या. १९१९ मध्ये रेडफिल्ड ज्यात येतं त्या स्पिंक काउंटीत (जिल्ह्यासारखा भाग) शिकारीचा पहिला हंगाम झाला, तो फक्त एका दिवसाचा. १९४३ मध्ये फेझंट राज्यपक्षी झाला. दुसऱ्या महायुद्धात ॲबर्डीनच्या स्टेशनवर थांबणाऱ्या सैनिकांना गावातल्या बाया फेझंटची सँडविचं फुकट वाटत. रेडफिल्डमध्ये आजही हॉटेलच्या पाटीवर, पेट्रोलपंपावर, बँकेच्या दारात हा पक्षी दिसतो.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती परवान्याच्याही आधी वाचा. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. मित्राची बंदूक तासाभरासाठी हातात घेणं हेही बाळगणंच धरलं जातं. या मनाईला जे अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम कधी उलटा करू नका: आधी परवाना, तो खिशात, मग बंदुकीला हात. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. तुमचं ग्रीनकार्ड रांगेत असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाका आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. हा प्रकार गुन्ह्यात मोडतो आणि त्याची किंमत शिकारीपेक्षा फार मोठी आहे. माझ्या मेहुण्याने बंदुकीला हात लावला नाही. तो गाडीपाशी दुर्बीण घेऊन थांबला.

परवाना राज्याच्या गेम, फिश अँड पार्क्स खात्याकडून ऑनलाइन मिळतो. राज्याबाहेरच्यांसाठी तो स्मॉल गेम (छोट्या पशुपक्ष्यांची शिकार) या नावाचा आहे आणि त्यात प्रत्येकी सलग ५ दिवसांचे दोन कालखंड मिळतात. तारखा परवाना घेतानाच द्याव्या लागतात, तेव्हा ऑफिसची रजा मंजूर झाल्यावरच फॉर्म भरा. दोन वीकेंड जोडून आठवडाभर फिरायचा बेत असेल तर कागदावर दिवस मोजून बघा. हॅबिटॅट स्टॅम्प वेगळा लागतो. त्याचे पैसे पक्ष्यांच्या अधिवासाच्या कामाला जातात. दर बदलत असतात, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहा. साउथ डकोटात १६ वर्षांखालच्यांना शिकारसुरक्षेचा कोर्स सक्तीचा आहे, मोठ्यांना नाही. तरीही मोठ्यांनी तो करावा, असं मी आग्रहाने सांगेन. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना तो करावाच लागतो. मी तिथेच केला. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी बंदूक जवळून पाहिलेलीही नसते. महाराष्ट्रात वाढलेल्या आमच्या पिढीला शिकार ठाऊक आहे ती आजोबांच्या गोष्टींतली, कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आमच्या आधीच आला होता. हात कोरे असताना शिस्त आधी शिकलेली बरी.

हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि ३१ जानेवारीपर्यंत चालतो. त्याच्या आधीच्या वीकेंडला तीन दिवस सार्वजनिक जमिनींवर फक्त राज्यातल्या रहिवाशांना मुभा असते, बाहेरच्यांनी तेव्हा जाऊ नये. पहिल्या शनिवारचा उत्साह बघण्यासारखा असतो, पण मी कुणाला तेव्हा जा म्हणणार नाही. गर्दी असते, मोटेलं आधीच भरलेली असतात, आणि मका बराचसा उभा असल्यामुळे पक्षी त्यात शिरून बसतात. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मका निघालेला असतो आणि पक्षी गवतात येतात. दिवस मात्र लहान, पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. डिसेंबरात ते दलदलीतल्या पाणकणसांत शिरतात. तिथे बर्फ घट्ट झाल्याशिवाय जाऊ नका.

रोजची मर्यादा माणशी ३ नर. जवळ बाळगायची मर्यादा १५, पण ती दिवसाला ३ अशीच साठत जाते. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या कूलरमध्ये ६ पेक्षा जास्त असता कामा नयेत. मादी मारायची नाही, कधीच नाही. यामागचा हिशेब मला फार आवडतो. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. त्यामुळे शरद ऋतूत बरेच नर कमी झाले तरी वसंतात घरटी तेवढीच होतात. पुढच्या वर्षीचे पक्षी ठरतात ते माद्यांवर, हिवाळ्यावर आणि गवतावर. मादी मातकट, छोट्या शेपटीची असते. त्याच भागात शार्पटेल ग्राउस नावाचा दुसरा पक्षीही असतो आणि उन्हाकडे तोंड असलं की दोघी सारख्याच काळपट दिसतात. म्हणून सूर्य पाठीशी राहील अशी चाल ठरवा. पक्षी उठला की जो आधी ओळखेल तो ओरडतो, "रूस्टर!" किंवा "हेन!" शंका असेल तर बंदूक खालीच. त्या दिवशी माझ्या पायाजवळून उठलेल्या पहिल्या चारही माद्या होत्या. त्या उडताना बघणं हेसुद्धा शिकारीतलंच आहे.

चालायची पद्धत अशी: काही जण रांगेत, एकमेकांपासून वीस-पंचवीस पावलांवर, गवतातून हळूहळू पुढे सरकतात. शेताच्या दुसऱ्या टोकाला एक-दोघे नाकेबंदी करून उभे असतात, त्यांना ब्लॉकर म्हणतात. फेझंट उडण्याआधी पळतो, आणि पुढे माणूस दिसला की नाइलाजाने उठतो. सगळा धोका शेवटच्या शंभर पावलांत असतो, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या बंदुका समोरासमोर येतात. पक्ष्याच्या खाली निळं आकाश दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. जमिनीलगत उडणाऱ्या पक्ष्यामागे कुत्रा असतो, हे पक्कं धरून चाला. भगवी टोपी आणि भगवं जाकीट प्रत्येकाने घाला, ब्लॉकरने तर नक्कीच.

कुठे चालायचं? इथेच नवे लोक अडतात. पूर्व साउथ डकोटातले रस्ते मैला-मैलावर काटकोनात आखलेले आहेत. मधला चौकोन ६४० एकरांचा. बहुतेक जमीन खासगी, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. सर्वांना खुल्या जमिनी तीन प्रकारच्या भेटतात. गेम प्रॉडक्शन एरिया राज्याच्या मालकीच्या असतात. वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया संघीय असतात. आणि वॉक-इन एरिया म्हणजे खासगी शेतं, ज्यांच्या मालकांना राज्य पैसे देतं आणि तुम्हाला पायी शिरायची मुभा मिळते. खात्याचा नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या, डोलंडच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात शिशाचे छर्रे चालत नाहीत, राज्याच्या बहुतेक सार्वजनिक जमिनींवरही नाही. मग सरळ सगळीच काडतुसं स्टीलची घ्यावीत. पाणपक्षी चिखलातले शिशाचे कण खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, हे कळल्यावर मला दुसरा विचारच सुचला नाही.

सार्वजनिक रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यातही इथे शिकार कायदेशीर आहे. पण शाळा, चर्च, राहतं घर आणि गुरं यांच्यापासून ६६० फूट अंतर लागतं. मला ती पद्धत आवडत नाही. चालणं नाही, कुत्र्याचं काम नाही, आणि शेतकऱ्याच्या उंबऱ्याजवळ बार उडतात. पैसे भरून जायची खासगी राखीव शेतंही आहेत, तिथे पाळलेले पक्षी सोडतात आणि हंगामही लांब असतो. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी ती सोय ठीक आहे. पण पाय चालत असतील तर कुरणातच जा.

खासगी शेतात परवानगी विचारायची असेल तर आदल्या दिवशी दुपारी जा, बंदूक गाडीत, टोपी हातात. सुगीचे दिवस असतात, कंबाइनवर बसलेल्या माणसाला थांबवू नका. आम्हाला एका आजोबांनी नकार दिला, कारण वीकेंडला नातवंडं येणार होती. दुसऱ्यांनी हो म्हटलं, वर कुठल्या ओढ्याच्या कडेला पक्षी बसतात तेही सांगितलं. परतताना त्यांच्या घरी फराळाचा डबा देऊन आलो. पाऊस झाला असेल तर मातीच्या रस्त्यांवर गाडी घालू नका. ही काळी माती विदर्भातल्या मातीसारखीच चाकाला धरते.

दुपारी कुरणाच्या फाटकाशी वन्यजीव अधिकारी भेटल्या. परवाने पाहिले, पक्षी मोजले, काडतुसांची पेटी उघडून स्टील आहे का ते बघितलं, कुत्र्याची पाठ थोपटली आणि निघाल्या. मला त्यांच्याकडून कळलं की ती जमीन डक स्टॅम्पच्या पैशांतून घेतलेली आहे. हा स्टॅम्प १९३४ पासून आहे. बदकांची शिकार करणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला तो घ्यावा लागतो, आणि डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनींच्या रक्षणाला जातात. फेझंटसाठी तो लागत नाही. तरी पंचवीस डॉलर घालून घ्या, कारण चालणार आहात त्याच जमिनीवर. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तोही राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. त्यातली एक अट: राज्याने परवान्यांचे पैसे दुसरीकडे वळवायचे नाहीत. एवढं असूनही गवत कमी होत चाललं आहे. शेतकऱ्याला जमीन पडीक ठेवण्याचे पैसे देणारी केंद्राची योजना १९८५ पासून आहे, पण २००७ नंतर मक्याचा भाव चढला तसे पुष्कळ करार संपल्यावर नांगर फिरला. २०१४ च्या शेती कायद्याने तर या योजनेची देशभरातली मर्यादा ३.२ कोटींवरून २.४ कोटी एकरांवर आणली. गवत गेलं की पक्षी जातो. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या शिकाऱ्याला विचारा, तो पक्ष्यांबद्दल बोलायच्या आधी गवताबद्दल बोलतो.

संध्याकाळी मोटेलवर पक्षी साफ करायला वेगळी खोली होती. खोली घेतानाच ही सोय आहे का आणि कुत्रा चालतो का, दोन्ही विचारा. साफ करताना डोकं, पिसांसकट एक पंख किंवा पाय अंगाला राहू द्यायचा, म्हणजे वाटेत कुणी तपासलं तर नर आहे हे दिसतं. घरी पोचेपर्यंत तो तोडू नका. एका राज्यात नियम मोडून मिळवलेला पक्षी राज्याच्या सीमेपलीकडे नेला, तर लेसी ॲक्टखाली तो संघीय मामला होतो, आणि तुमची सीमा वाटेतच आहे. कुत्र्याच्या पंजात आणि कानात कुसळं रुततात, झोपण्याआधी एक-एक काढा.

स्वयंपाकाचं सांगतो. रानातल्या फेझंटला चरबी जवळजवळ नसते, कोंबडीच्या हिशेबाने शिजवाल तर छातीचं मांस कोरडं पडेल. छाती वेगळी काढून दही, आलं-लसूण आणि हळदीत रात्रभर ठेवा आणि तापलेल्या तव्यावर झटपट परता. तंगड्यांत कडक शिरा असतात, त्यांचा तांबडा रस्सा करा: सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसूण मसाला, आणि मंद आचेवर दोन तास. जेवायला बसलेल्या प्रत्येकाला, मुलांना आधी, सांगा की घास सावकाश चावा. स्टीलचा छर्रा मांसात राहिलेला असू शकतो आणि त्यावर दात तुटतो.