तुम्ही विचारलंत म्हणून: सर, फॉरमॅट का मारत नाही?

आमच्या कॉम्प्युटर सेंटरवर येणारी पोरं हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी विचारतात. फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकणं. मागच्या मंगळवारी एक जण लॅपटॉप घेऊन आला, उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं लिनक्स, टाकलेला, वायफाय दिसत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो, वही काढली आणि त्याला विचारायला लागलो की कधीपासून दिसत नाही, त्याच्या आधी काय केलं होतं. तो पंधरा मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एवढं कायले पाहता, फॉरमॅट मारून टाका ना, अर्ध्या तासात होते." त्याचे वडीलही तेच म्हणाले. बाजूचा दुकानवाला तर मला कित्येकदा म्हणालाय की भाऊ, तुम्ही एका मशीनवर दोन दिवस घालवता, तेवढ्यात मी दहा मशीन काढतो. म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देता येईल.

गोष्ट २००४ ची आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, घरी कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. मी नुकताच बीएस्सी झालो होतो आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता, आत मोडेमचं, म्हणजे फोनच्या तारेतून इंटरनेट आणणारं, कार्ड होतं आणि घरी लँडलाईन होती, त्यामुळे इंटरनेट म्हणजे डायल-अप, फोनसारखा नंबर फिरवून जोडायचं. विंडोजवर ते चालायचं, हळू, पण चालायचं. पण ते विंडोज कॉपीचं होतं, सगळ्यांकडेच तसंच होतं, आणि दर महिन्याला व्हायरस. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी यायच्या, त्या वाचून डोक्यात बसलं की आपल्याला हेच शिकायचं, कारण हे उघडून पाहता येतं आणि कोणाची चोरी करावी लागत नाही. यवतमाळच्या एका मित्राकडून रेड हॅट ९ या लिनक्सच्या तीन सीडी आणल्या, विंडोजच्या बाजूला टाकलं, सगळं सुरळीत. फक्त मोडेम नाही.

लिनक्समध्ये नंबर फिरवायला डब्ल्यूव्हीडायल नावाचा प्रोग्राम असतो, त्याचा एक भाऊ आहे जो सगळे पोर्ट चाचपून मोडेम शोधतो. त्यानं शोधलं आणि म्हटलं, सॉरी, मोडेम सापडला नाही. मी काय केलं? फॉरमॅट मारला. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. वाटलं सीडीच खराब असेल, दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा रात्री लोडशेडिंग संपल्यावर अर्धवट झोपेत पार्टिशन निवडताना चुकलो आणि विंडोजचं पार्टिशन पण गेलं, आणि त्याच्यात बाबांचा दोन वर्षांचा कापसाचा आणि सोसायटीच्या कर्जाचा हिशोब होता, जो मीच मोठ्या हौसेनं एक्सेलमध्ये टाईप करून ठेवला होता. सकाळी सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. आत गेले, त्यांची लाल कापडाची वही आणून समोर ठेवली आणि म्हणाले, "यात आहे सगळं, टाईप कर पुन्हा." ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

तीन वेळा फॉरमॅट मारून मोडेम जिथं होता तिथंच होता, कारण बिघाड काय आहे हे मी एकदाही विचारलंच नव्हतं.

मग टायपिंग बाजूला ठेवून पहिल्यांदा नीट पाहिलं. एलएसपीसीआय ही कमांड मारली की मशीनमध्ये कोणकोणते कार्ड आहेत ते दिसतं. कार्डाच्या डब्यावर एका कंपनीचं नाव होतं, चिप मात्र लुसेंटची निघाली. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम, डब्याचा नसतो, चिपचा असतो, हे इथं कळलं. आणि दुसरं असं की ते 'विनमोडेम' होतं. पूर्वीचे बाहेरचे मोडेम, मागे सिरीयल केबल लावायचे ते, स्वतःच सगळं काम करायचे, एटी कमांड, म्हणजे मोडेमला दिलेले हुकूम, समजून घेणारा कंट्रोलर त्यांच्या आतच असायचा, म्हणून ते लिनक्सवर कुठल्याही ड्रायव्हरशिवाय चालायचे. स्वस्त कार्डात कंपन्यांनी तो कंट्रोलर काढून टाकला आणि त्याचं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवलं. काही चिपमध्ये तर आवाजाचं गणित करणारा भागसुद्धा नसतो, तेही कॉम्प्युटरच्या प्रोसेसरनंच करायचं. लुसेंटच्या चिपमध्ये गणित करणारा भाग होता, कंट्रोलर नव्हता. म्हणजे माझं मोडेम बिघडलेलं नव्हतं, अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं म्हणजे ड्रायव्हर. विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी डब्यातच मिळायची, लिनक्सचा ड्रायव्हर आपल्याला आणावा लागणार होता.

आणायचं कुठून, तर इंटरनेटवरून, आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही. मग एसटीनं यवतमाळला जायचं, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरायचे, लिनमोडेम्स नावाच्या साईटवर वाचायचं, फाईल फ्लॉपीत भरायची आणि परत. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं, ड्रायव्हर त्यात बसला हे नशीब. पण फ्लॉपीचा भरवसा नसतो, पहिल्या वेळी घरी येऊन पाहतो तर फाईल उघडेना, दोन्ही बाजूचा एसटीचा खर्च पाण्यात. तेव्हापासून मी दोन फ्लॉप्यांवर एकच फाईल भरायचो आणि एमडी५ चा आकडा, ज्यावरून फाईल जशीच्या तशी आली का ते कळतं, वहीत लिहून आणायचो, घरी येऊन जुळवायचो.

पहिला ड्रायव्हर मी तयार बनवलेला आणला, तो २.४.१८-१४ कर्नलसाठी (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) होता, म्हणजे रेड हॅट ८ चा. माझा कर्नल २.४.२०-८. व्हर्जन जुळत नाही म्हणून त्यानं घ्यायला नकार दिला. बरोबरच आहे, कर्नलच्या आतल्या रचना व्हर्जनगणिक बदलतात, चुकीचा मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरचा तुकडा, आत घेतला तर मशीनच लटकेल. मग ड्रायव्हरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणला, सीडीवरून कर्नल-सोर्सचं पॅकेज टाकलं, कंपाईल केलं, म्हणजे त्या कोडपासून मॉड्यूल बनवला, एकही एरर नाही, आणि लोड करायला गेलो तर पुन्हा तोच नकार. आता मात्र मी हातात वही घेऊन तो मेसेज अक्षर न अक्षर लिहून काढला. मॉड्यूल २.४.२०-८कस्टम साठी बनलेला आहे, चालू कर्नल २.४.२०-८ आहे. हा 'कस्टम' कुठून आला? दोन दिवस शोधलं. रेड हॅटच्या कर्नल-सोर्समध्ये मेकफाईलच्या, म्हणजे कंपाईल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाईलच्या, वरच्याच ओळींत एक्स्ट्राव्हर्जन असं लिहिलेलं असायचं आणि तिथं त्यांनी मुद्दाम '-८कस्टम' ठेवलं होतं, म्हणजे तुम्ही स्वतः बनवलेला कर्नल त्यांच्या कर्नलवर चुकून बसू नये. फक्त तो एक शब्द खोडला, पुन्हा कंपाईल केलं, आणि मॉड्यूल आत गेला. टीटीवाय-एलटी-शून्य नावाचं डिव्हाईस तयार झालं. मी एटी टाईप केलं आणि समोरून ओके आलं. त्या दोन अक्षरांसाठी एक महिना गेला होता आणि मी रात्री अकरा वाजता आईला उठवून ती दाखवली.

फॉरमॅट मारला असता तर तो मेसेजच गेला असता. उत्तर त्याच्यातच लिहिलेलं होतं.

पुढे डायल केलं तर नो डायलटोन. फोनचं रिसीव्हर उचललं तर टोन छान ऐकू येतो, मोडेम म्हणतो टोन नाही. आता पावसाळा लागला होता, आमच्याकडे काळी माती, उन्हाळ्यात वीतभर भेगा पडतात आणि पहिल्या पावसात फुगते, जमिनीतल्या केबलचे जोड त्या ओढाताणीत ढिले होतात, दरवर्षी जुलैमध्ये अर्ध्या गावाच्या लाईनमध्ये खरखर असायची. मला वाटलं तेच असणार. म्हणून टेलिफोनच्या लाईनमनकाकांना बोलावलं.

या माणसाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. वय पन्नाशीच्या पुढे, सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत पक्कड, तारेचा वेटोळा आणि चिमटे लावलेला टेस्टिंगचा फोन. त्यांनी घरात येऊन कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "कधीपासून? आवाज येतो का खरखरीचा? दुसऱ्याच्या घरी काय हाल आहे?" मग थेट खांबावरच्या डीपी बॉक्सपाशी, जिथून घराघरात तारा जातात तिथं, गेले, आमच्या तारांची जोडी सोडवली, तिथं फोनचे चिमटे लावले आणि ऐकलं. म्हणाले, "इथपर्यंत टोन येऊन राह्यला, म्हणजे एक्स्चेंज ते खांब चांगलं आहे, तिकडचं आता पाहाचं कामच नाही." मग घराबाहेर जिथं ड्रॉप वायर येते तिथं, मग आतल्या रोझेटवर, म्हणजे फोनची वायर जिथं जोडतात त्या डबीवर. शेवटी मोडेममध्ये जाणारी वायर काढून तिच्यावरच चिमटे लावले आणि फोन माझ्या कानाला दिला. स्वच्छ टोन. "आता सांग बावा, कुठं आहे?" मी म्हटलं, मोडेममध्ये. ते म्हणाले, "मंग कायले लाईनले दोष देतं. अर्धं सोडून देत जाय. जिथं चांगलं आहे तिथं हात लावू नको, उरलं त्याचं पुन्हा अर्धं कर."

मी त्यांना म्हटलं, काका, हे कुठं शिकलात? ते म्हणाले, पावसात भिजत पूर्ण लाईन पायी फिरायची नसेल तर आपोआप शिकते माणूस.

ते गेल्यावर मी तसाच बसलो. लाईन चांगली. कार्ड चांगलं, कारण याच लाईनवर हेच कार्ड विंडोजमध्ये चालत होतं. ड्रायव्हर चांगला, कारण एटीला ओके येतंय. म्हणजे उरलं काय, तर टोन ओळखणं. विंडोजमध्ये आपण देश भारत निवडतो, इथं मी काहीच निवडलेलं नव्हतं. पुढच्या यवतमाळ फेरीत वाचलं तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेचा डायलटोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र. आपला डायलटोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झनं हेलकावणारा, म्हणून तो घुर्रर्र असा ऐकू येतो. अमेरिकन सवयीच्या मोडेमला आपला टोन हा टोनच वाटत नव्हता. त्यावर एक्स३ ही कमांड, म्हणजे टोनची वाट न पाहता सरळ नंबर फिरव. सेटिंगच्या ओळीत एटीएक्स३ घातलं. आणि मोडेमनं नंबर फिरवला. तिकडून किंचाळल्यासारखा आवाज आला, आधी २१०० हर्ट्झची ती लांब शिट्टी आणि मग ती खसखस ज्यात दोन्ही मोडेम मधली लाईन तपासून घेतात की कुठला सूर किती नीट पोचतो, आणि स्क्रीनवर कनेक्ट २६४००, म्हणजे सेकंदाला इतके बिट. गावच्या लाईनवर ५६के, म्हणजे ५६०००, कधीच मिळायचं नाही, २६४०० म्हणजे माझ्यासाठी भरपूर.

कनेक्ट झालं पण एकही पान उघडेना. एक महिन्यापूर्वीचा मी असतो तर सीडी टाकली असती. आता मी वहीत आडवी रेघ मारली, एका टोकाला कार्ड, दुसऱ्या टोकाला वेबसाईट, आणि मध्ये कुठे चिमटे लावायचे ते ठरवलं. पीपीपी, म्हणजे फोनलाईनवरची इंटरनेटची जोडणी, जुळलं का, जुळलं, आयपी पत्ता मिळालाय. बाहेरच्या पत्त्याला पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, जातं का, नाही. म्हणजे वेबसाईटच्या नावांचा प्रश्न नंतरचा, आधी रस्ताच नाही. लॉग वाचला, त्यात साफ लिहिलं होतं की ईटीएच-शून्यवर, म्हणजे लॅन कार्डावर, आधीच डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता) आहे, तो मी बदलत नाही. मित्राच्या मशीनशी केबल जोडायला म्हणून मीच कधीतरी लॅन कार्डावर गेटवे टाकून ठेवला होता, सगळा माल त्या तुटलेल्या रस्त्याकडे जात होता. गेटवे काढला, पुन्हा डायल केलं. पान उघडायला दीड मिनिट लागलं.

तर त्या मंगळवारच्या पोराला मी हेच करायला लावलं. कार्ड दिसतं का, एलएसपीसीआयमध्ये दिसतं. ड्रायव्हर लागला का, लागला. मग डीमेसेज, म्हणजे कर्नलनं लिहिलेले मेसेज, वाचायला लावलं, त्यात फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत भरायच्या प्रोग्रामची, फाईल सापडली नाही असं फाईलच्या नावासकट लिहिलेलं होतं. त्यानं मोबाईलवरून ती उतरवली, जागेवर ठेवली, रीस्टार्ट केलं. फॉरमॅट मारला असता तर तीच फाईल पुन्हा नसती आणि त्याचे कॉलेजचे फोटो पण नसते. हे त्याला मी सांगितलं नाही, त्यानंच मला सांगितलं.

लाईनमनकाका पुढच्या रविवारी पुन्हा आले होते, आवाज ऐकायला. मी डायल केलं, त्यांनी सवयीनं बाहेरच्या खोलीतला पॅरलल फोन उचलला, आणि लगेच नो कॅरियर, लाईन तुटली. त्यांनी फोन हळूच ठेवला. मी मोडेमचा स्पीकर मोठा केला, पुन्हा नंबर फिरवला, आणि ते हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. तीस वर्षं लाईनवर काम केलं होतं, म्हणाले, तारेतून हा आवाज जाताना कधी ऐकला नव्हता. मग विचारलं, "अजून एकदा लावतं का?"