चार्टवरची लघुरूपं: सेकंड मेटच्या तयारीतला माझा अनुभव

सेकंड मेट या जहाजावरच्या अधिकारीपदाच्या परीक्षेची तयारी करताना लघुरूपांची यादी वेगळी पाठ करण्यापेक्षा मी चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, पसरून बसायचो आणि प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचो: हे कुठून मोजलंय? परीक्षेत आणि ब्रिजवरही (जहाज चालवतात त्या कक्षात) सगळं यावरच ठरतं.

कोर्स, म्हणजे जहाजाची ठरवलेली दिशा, घ्या. चार्टवर पॅरलल रुलरने काढलेला कोर्स ट्रू, म्हणजे भौगोलिक उत्तरेपासून मोजलेला असतो, सुकाणूवर द्यायचा तो कंपास, म्हणजे होकायंत्रावरचा. मधलं व्हेरिएशन (भौगोलिक आणि चुंबकीय उत्तरेतला फरक) जागेप्रमाणे बदलतं, डेव्हिएशन (होकायंत्रातली चूक) जहाजाच्या लोखंडामुळे हेडिंगप्रमाणे, म्हणजे जहाजाचं नाक ज्या दिशेला आहे त्याप्रमाणे. क्रमासाठी आपल्याकडचे कॅडेट ‘कॅडबरीज डेअरी मिल्क व्हेरी टेस्टी’ म्हणतात: कंपास, डेव्हिएशन, मॅग्नेटिक, व्हेरिएशन, ट्रू. ट्रू १६५°, व्हेरिएशन १° पश्चिम, तर मॅग्नेटिक १६६°. डेव्हिएशन ३° पूर्व, तर कंपास १६३°. ट्रूकडून कंपासकडे जाताना पश्चिम मिळवा, पूर्व वजा करा. परत येताना उलट. खरी चूक बेअरिंगमध्ये, म्हणजे एखाद्या खुणेची दिशा मोजताना होते. डेव्हिएशन कार्डात (डेव्हिएशनच्या तक्त्यात) बेअरिंगची दिशा बघून आकडा उचलला जातो, पण डेव्हिएशन नेहमी जहाजाच्या हेडिंगचंच लागतं.

दीपगृहाशेजारी ‘एफएल(३) १५एस ४९एम २०एम’ असं लिहिलेलं असतं: पंधरा सेकंदांत तीन झोत, उंची ४९ मीटर, पल्ला २० सागरी मैल. छोटा एम मीटरचा, मोठा एम मैलाचा, आणि तोच मोठा एम समुद्रतळाशी लिहिला असेल तर चिखल. २० मैल हा नॉमिनल पल्ला आहे, म्हणजे हवेतली दृश्यता १० मैल धरून. क्षितिजाची मर्यादा वेगळी काढायची: २.०८ गुणिले दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज. ब्रिजवर डोळ्याची उंची १६ मीटर असेल तर २.०८ × (७ + ४), म्हणजे सुमारे २२.९ मैल. दोन्हींतला लहान आकडा खरा धरायचा. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर दृश्यता पडली की दिवा याहूनही उशिरा दिसतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यूकेसी (अंडर कील क्लिअरन्स), म्हणजे जहाजाच्या तळाखाली उरलेलं पाणी. चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून, जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात. दिव्याची उंची मात्र बहुधा उधाणाच्या सरासरी भरतीपासून. खोली ८.४ मीटर, भरती ३.२, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडलंय ते) ९.५, तर उरले २.१ मीटर. यातून स्क्वॉट, म्हणजे वेगामुळे जहाजाचं खाली बसणं, जातो: ब्लॉक कोइफिशियंट (जहाजाचा पाण्याखालचा भाग ठोकळ्याच्या किती जवळ आहे ते प्रमाण) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले १००, अरुंद चॅनलमध्ये दुप्पट. ०.८ कोइफिशियंटचं जहाज १० नॉटने चॅनलमध्ये गेलं तर १.६ मीटर खाली बसतं आणि अर्धा मीटर उरतो. ६ नॉटवर आणलं तर स्क्वॉट ०.५८, उरतं दीड मीटर. वेग कमी करणं हाच उपाय, आणि तो चॅनलच्या तोंडाशी पोचण्याआधीच करायला हवा.

रडारवर सीपीए म्हणजे दुसरं जहाज किती जवळून जाईल, टीसीपीए म्हणजे किती वेळात. दोन्ही एकत्रच वाचावे. टीसीपीए उणे दिसला तर ते जहाज पार झालेलं आहे. एसओजी (वेग) आणि सीओजी (दिशा) जमिनीच्या संदर्भात, लॉगचा (वेगमापकाचा) एसटीडब्ल्यू, म्हणजे वेग, पाण्याच्या. टक्कर टाळण्यासाठी मी रडारला एसटीडब्ल्यू देतो. प्रवाह असेल तर सीपीए दोन्हीत तोच येतो, पण जमिनीच्या संदर्भातला वेक्टर (पडद्यावरची वेग-दिशेची रेषा) समोरच्याचं हेडिंग दाखवत नाही, आणि क्रॉसिंग (आडवं जाणारं) की हेड-ऑन (समोरासमोर येणारं), हा निर्णय हेडिंगवरच घ्यावा लागतो.