हळदीच्या कुकरपासून धुराच्या पिंपापर्यंत : आमची वाटचाल

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आलात तर आधी दिसतात ते हळद शिजवायचे कुकर. त्यांच्या पलीकडे, भिंतीला लागून, काळी उभी पिंपं मांडलेली असतात. नवीन माणूस हमखास विचारतो, ‘ही पाण्याची का?’ पाण्याची नव्हेत, कोळशाची. यांत डुकराचा खांदा, म्हणजे पोर्क शोल्डर, सात-सात तास धुरावर शिजतो. सांगलीत हे काम कसं सुरू झालं, हे इतक्या जणांनी विचारलं की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं.

मूळ काम अण्णांचं, माझ्या वडिलांचं. गुऱ्हाळाच्या काहिली (उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढया), चुलवाणाच्या (काहिलीखालच्या भट्टीच्या) जाळ्या, धुराडी. गुऱ्हाळं कमी होत गेली तसे आम्ही हळदीच्या कुकरकडे आणि पॉलिशच्या ड्रमकडे वळलो. पत्रा रोल करायचा, शिवण (वेल्डिंगचा जोड) मारायची, पाणी भरून गळती बघायची. हातात बसलेलं काम हेच.

२०१६ च्या पावसाळ्यात गावाकडचा एक मुलगा सुट्टीवर आला. गोव्यात हॉटेलात आचारी. मोबाइलवर एक फोटो दाखवून म्हणाला, ‘दादा, हे करून द्या. बाहेरून मागवायचं तर परवडत नाही.’ उभं पिंप, तळाशी कोळशाची टोपली, खालच्या अंगाला एक भोक, वरच्या काठाजवळ दोन आडव्या सळया आणि त्यांना आकड्यांनी टांगलेलं मांस. अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. चरबी वितळून थेट निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचा जो धूर उठतो तोच परत मांसावर बसतो. मी म्हटलं, यात काय अवघड? आठ दिवसांत देतो. दोन वर्षं लागली.

पहिलं पिंप मी भंगारातून आणलं, २०० लिटरचं. त्यात आधी काय होतं, हे भंगारवाल्यालाही सांगता येईना. आत अस्तराचा रंग होता. जाळून घेतलं तरी तो पूर्ण गेला याची खात्री कोण देणार? त्या दिवशी ठरवलं ते आजतागायत पाळलंय. जुनं पिंप वापरायचं नाही, कितीही स्वस्त पडलं तरी. नवा पत्रा आणायचा आणि आपणच रोल करायचा.

दुसरी चूक जाळीची. टोपली आणि आकडे मी जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे केले, गंजू नयेत म्हणून. आमच्या मिस्त्रींनीच मला थांबवलं. जीआयवर वेल्डिंग केलं की रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे प्रत्येक वेल्डरला ठाऊक असतं. तो जस्ताच्या धुराचा ताप. मिस्त्री म्हणाले, ‘जे आपण नाकात जाऊ देत नाही, ते लोकांच्या जेवणाखाली का ठेवायचं?’ टोपली साध्या लोखंडाची झाली, आकडे आणि सळया स्टेनलेस स्टीलच्या.

मग आगीची पाळी. साडेतीन किलो बाभळीचा कोळसा भरला, वरून थोडे पेटते निखारे टाकले, झाकण लावलं. थर्मामीटरचा काटा १३५ अंशांच्या आसपास राहायला हवा होता. अर्ध्या तासात तो २०० च्या पुढे गेला. मी भोक लहान केलं, तरी तेच. कोळसा कमी केला, तर तो लवकर संपला, पण संपेपर्यंत भडकलेलाच.

अण्णा माळकरी आहेत. मांसाचा वासही त्यांना सोसत नाही. तरी ‘हे काम आपल्या शेडमध्ये नको’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी पिंपात नुसताच कोळसा होता, म्हणून जवळ आले, खाली बसले आणि पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेनं फिरवली. एका जागी धूर सरळ वर जाईना, आत ओढला गेला. म्हणाले, ‘चुलवाणाचा जाळ कमी करायचा आसंल तर आम्ही लाकडं वडत नव्हतो, वारं दाबत हुतो. तुझं वारं हितनं जातंय.’

शिवण मारताना पत्रा ओढला गेला होता. पिंपाचं तोंड गोल राहिलं नव्हतं, एका अंगाला तीन-चार मिलिमीटर लंबगोल. डोळ्याला दिसत नाही, आगीला दिसतं. झाकण बसल्यासारखं वाटायचं, पण फटीतून हवा आत शिरायची आणि खालच्या भोकाला काही अर्थच उरायचा नाही. आता आम्ही तोंडाला आधी जाड पट्टीची रिंग बसवतो, ती गोल भरली तरच पुढची शिवण मारतो. उदबत्तीची चाचणी अजून प्रत्येक पिंपाची होते. तो आचारी मुलगा सुट्टीवर आला की स्वतः मांस लावून बघायचा. एरवी शेडमध्ये फक्त कोळशावर चाचणी होते. गिऱ्हाइकाच्या पिंपाला आमच्याकडे मांस लागत नाही. मांसाची चाचणी आमच्याच एका ठरलेल्या पिंपात, शेडच्या मागे, सुट्टीच्या दिवशी. आमच्याकडे अण्णा आहेत, मुस्लिम मिस्त्री आहेत. ज्याला जे चालत नाही ते त्याच्यासमोर नको, एवढं सांभाळणं काही अवघड नाही.

खांद्याचं मांस असं बघताबघता मला खरोखर आवडू लागलं, म्हणजे त्याचं शास्त्र. खांदा हा राबणारा भाग. शिरा आणि चिवट पडदे भरपूर, चरबीही भरपूर. झटपट भाजला तर चामड्यासारखा होतो. मंद आचेवर तासन् तास ठेवला की तो चिवटपणा हळूहळू विरघळून चिकट रसासारखा होतो आणि मांस बोटांनी उलगडतं. साडेतीन-चार किलोचा तुकडा आतून ९३ ते ९५ अंशांपर्यंत न्यायचा. पण ६५ ते ७० च्या मध्ये कुठंतरी मांसातल्या थर्मामीटरचा काटा अडतो. तास जातो, दीड तास जातो, हालतच नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी कोळसा वाढवायला निघालो होतो. कोळशाचा त्यात दोष नसतो. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आपला माठ पाणी गार करतो तो याच कारणानं. माठाला प्लास्टिक गुंडाळलं तर पाणी गार होणार नाही; तसंच मांस फॉइलमध्ये गुंडाळलं की घाम थांबतो आणि काटा परत चढू लागतो.

गुंडाळायचं आणखी एक कारण आम्ही नुकसान सोसून शिकलो. एकदा तुकडा शेवटपर्यंत टांगूनच ठेवला. झाकण उघडलं तर सळीवर मोकळे आकडे, आणि सहा तासांची मेहनत खाली निखाऱ्यावर जळत होती. मांस इतकं मऊ झालं होतं की स्वतःच्याच वजनानं आकड्यातून उतरलं. तेव्हापासून पिंपासोबत टांगायच्या सळ्यांबरोबर एक गोल जाळी देतो आणि सांगतो, ७० अंशांच्या आसपास मांस आकड्यावरून काढा, गुंडाळा, जाळीवर ठेवा. झालं की नाही हे बघायला फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, हाड धरून अलगद ओढायचं. कोरडं, स्वच्छ निघून आलं तर झालं. मग गुंडाळलेलंच थर्माकोलच्या बंद डब्यात तासभर मुरू द्यायचं. हा तासभर कुणाला धीर नसतो, पण रस आत राहतो तो त्या तासातच.

२०१८ मध्ये पहिली चार पिंपं गोव्याला गेली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेव्हा आमचं शेड नदीच्या बाजूला भाड्याच्या जागेत होतं. रोलिंग मशीन पाण्याखाली गेलं, तयार पिंपं तरंगत जाऊन बाभळीत अडकली. पाणी उतरल्यावर मिस्त्री आधी स्वतःची घरं धुऊन काढत होते आणि दुपारून शेडला येत होते. त्यांच्या त्या दिवसांच्या ऋणात मी कायम आहे. कुपवाडला आलो ते त्यानंतर.

रंगानंही आम्हाला रडवलं. एका ठेकेदाराकडून पावडर कोटिंग करून घेतलं होतं. ‘उष्णतेला चालतं’ असं तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. तिसऱ्या वापराला टोपलीच्या उंचीवर सगळीकडे फोड आले. अकरा पिंपं परत घेतली, भाडं आम्हीच भरलं. आता धुराड्यांना लावतात तो उष्णतारोधक रंग लावतो, तोही फक्त बाहेरून. आत काहीच नाही. वापरून वापरून चरबीचा जो काळा थर बसतो, तोच आतला रंग. तव्याचं असतं तसंच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते महाबळेश्वरच्या एका गिऱ्हाइकानं. त्यांचं होमस्टे आहे. फोनवर म्हणाले, ‘तुमचं पिंप ११० च्या वर जात नाही.’ इथं सांगलीत तेच पिंप १३५ वर स्थिर होतं. वाईवरून पसरणीचा घाट चढून मी वर गेलो. कोळसा हातात घेतला तर जड लागला, पावसाची ओल धरलेला. कोरडा आणून पेटवला, काटा थोडा चढला, पण पुरेसा नाही. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आपल्यापेक्षा सातशे-आठशे मीटरनं वर. तिथली हवा विरळ. तेवढ्याच भोकातून प्राणवायू कमी मिळतो. भोक थोडं मोठं करून दिलं आणि काटा जागेवर आला. उलट गोव्यात, समुद्रकिनारी, तेच भोक जास्त हवा घेतं.

परत येताना गाडीतच ठरवलं. आता भोकावर सरकती पट्टी असते आणि तिच्यावर तीन खुणा ठोकलेल्या: कोकण, देश, घाट. आपण जिथं राहतो त्या खुणेवर पट्टी लावायची, नटानं आवळायची आणि मग दिवसभर तिला हात लावायचा नाही. झाकणही उगाच उघडायचं नाही. उघडलं की हवा शिरते आणि कोळसा भडकतो. या तीन खुणा अक्षरपंचानं हातानं ठोकतात ते आमचे सगळ्यात जुने मिस्त्री.

डुकराचं मांस न खाणारी गिऱ्हाइकंही आता बरीच आहेत. त्याच पिंपात ते कोंबड्या टांगतात, मटणाचा फरा लावतात. कोंबडीला दोन तास पुरतात आणि काटा अडत नाही, बाकी रीत तीच. बाभळीच्या कोळशावर जांभळाच्या किंवा आंब्याच्या वाळक्या लाकडाचा एखादा तुकडा ठेवा. ओला नको, ओल्याचा धूर कडवट बसतो.

पौष लागला की हळदीचे कुकर सुरू होतात. ते वेळेवर गेलेच पाहिजेत, शेतकऱ्याची हळद थांबत नाही. त्यामुळे पाडव्यापर्यंत पिंपाचं काम आम्ही घेत नाही. पावसाळ्याआधी हवं असेल तर चैत्रात सांगा आणि सांगताना कुठल्या गावी वापरणार तेही कळवा, म्हणजे पट्टी इथूनच लावून पाठवू.